हूक पोस्टाने पाठवत नाहीत

५ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार, आणि तुझ्या दोन्ही कानांना वेगळा नमस्कार. फोनवर ते काही बोलू देत नाहीत, म्हणून हे पत्र. मागच्या खेपेला मी "इस्त्री बिघडली" म्हटलं आणि तू बराच वेळ "मिस्त्री कुठला आहे, ओळखीचा आहे का" असं विचारत बसलास. माझ्या दुकानात गिऱ्हाइकं खोळंबली होती. त्यापेक्षा शाई बरी.

बातमी अशी, की आपल्या भिंगरीला फेब्रुवारीत बारा पूर्ण होतील. माझ्या लेकीने तिची बात मित्सवा करायचं ठरवलंय. तेरा पूर्ण झाल्यावर तुझी बार मित्सवा झाली होती ना, तेच. फक्त ही मुलगी, म्हणून वर्षभर आधी. प्रार्थनाघरात सगळ्यांसमोर उभं राहायचं, तोराच्या पवित्र गुंडाळीतला त्या आठवड्याचा भाग चालीवर वाचायचा, आणि त्या दिवसापासून आपल्या बऱ्यावाईटाला आपण जबाबदार. लेक म्हणते, "त्या दिवसापासून दप्तर स्वतःचं स्वतः भरलं तरी मी देवाचे आभार मानीन."

आता मुद्द्याची गोष्ट. भाग कोणता आलाय माहीत आहे? तंबूचा. बाबांचा. वाळवंटात देवासाठी मंडप कसा उभारायचा, पडदे किती, फळ्या किती, कड्या कुठे. निविदा वाचल्यासारखा तो भाग कोणाला आवडायचा नाही, म्हणून दरवर्षी सगळे बाबांना पुढे ढकलायचे. "तुम्ही ताडपत्र्या शिवता, तुमच्या धंद्यातलं आहे, तुम्हीच वाचा."

भिंगरीला ज्या बाई शिकवतात त्या एरवी चष्म्याच्या दुकानात बसतात. हिब्रू चांगलं शिकवतात, चालही शिकवतात. पण ती चाल सगळ्यांची. गुंडाळीत नुसती अक्षरं असतात, ना मात्रा ना सूर. चाल तोंडातून तोंडातच जाते. आणि बाबांची चाल आता जगात एकाच तोंडात उरली आहे. त्या तोंडात कवळी आहे हे मला माहीत आहे, तरी.

तेवढी चाल भिंगरीला दे. आणि त्या दिवशी ये.

तुझी,
बारकी
(वय वर्षे चौऱ्याहत्तर)


१७ नोव्हेंबर

प्रिय बारके,

खूप आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. आनंद झाला. शेजारच्या फोनदुरुस्तीवाल्यालाही वाचून दाखवलं, त्यालाही आनंद झाला, कारण त्याला वाटलं मी फोन विकत घेणार आहे.

भिंगरीच्या समारंभाला माझ्याकडून छत. प्रार्थनाघराच्या अंगणात जेवण असेलच. उन्हात माणसं जेवायला बसवायची म्हणजे हाल. दुकान बंद केलं तरी मोठं मशीन मी ठेवलंय. मला अंगणाची लांबी-रुंदी कळव. भिंतींत खुंट्या आहेत का, वारा कुठल्या अंगाने येतो, तेही. माप सुतळीने घेऊ नकोस, सुतळी ताणते आणि मग शिवणारा शिव्या खातो.

चालीचं मात्र जमणार नाही.

राग मानू नकोस, मी मुलींच्या विरुद्ध नाही. माझ्याकडे शिलाईला तीन बायका होत्या, तिघींचा हात माझ्यापेक्षा सरळ. पण बाबांना ती चाल त्यांच्या बाबांनी दिली. बाबांनी मला दिली, दुकानात, मशीनशेजारी उभं करून. मी माझ्या मुलाला द्यायला घेतली. अर्धी झाली आणि तो "बाबा, मॅच आहे, आलोच" म्हणून उठला. आता तो एक्कावन्नचा आहे. मी अजून त्याच जागी थांबलोय. तो आला तर ओळ कुठली होती ते मला पाठ आहे.

आणि खरी अडचण ठेहरावाची आहे. तुला आठवत नसेल, तू लहान होतीस. पडद्यांच्या ओळीत येतो तो. पडदे दोन तुकड्यांत शिवलेत, सोन्याचे पन्नास आकडे करायचेत, म्हणजे आपल्या भाषेत हूक, आणि एक तुकडा दुसऱ्याला जोडायचा. मूळ शब्द गोड आहेत: 'इशा एल अहोता', एक बाई तिच्या बहिणीला. इथे बाबा थांबायचे. पूर्ण थांबायचे. सगळं प्रार्थनाघर श्वास धरून बसायचं. मग 'बक्रासीम', हुकांनी, 'वेहाया हामिश्कान एहाद', आणि मंडप एक झाला. दुसऱ्या कुठल्याच चालीत हा ठेहराव नाही. एका जाणत्या म्हाताऱ्याने मला सांगितलं होतं, देवाच्या उंबऱ्यावर पाऊल टाकण्याआधी भल्या माणसाचं काळीज थांबतं, तो हा थांबा. मीही आयुष्यभर तसाच थांबत आलो.

हे बारा वर्षांच्या पोरीला कसं जमावं? तिला तर तुम्हीच भिंगरी म्हणता.

मी येईन असं धरून चालू नकोस. प्रवास झेपत नाही, आणि येऊन ऐकू काय येणार? छत येईल.

तुझा,
दादा


२६ नोव्हेंबर

प्रिय दादा,

अंगण बावीस फूट लांब, सोळा रुंद. माप लेकीने लोखंडी टेपने घेतलंय. ती ड्रायव्हिंग शिकवते, त्यामुळे इंचभर इकडेतिकडे झालं तर तिला झोप लागत नाही. खुंट्या तिन्ही भिंतींत आहेत, चौथ्या बाजूला फाटक. वारा पूर्वेकडून येतो. सध्या तुझ्या गावाकडूनही जरा गारच येतोय.

भिंगरीला तुझा निरोप सांगितला. ती म्हणाली, "ठीक आहे." तिच्या आईने विचारलं, "ठीक म्हणजे ठीक ना?" तर म्हणाली, "ठीक म्हणजे ठीक आहे." आणि दार लावून घेतलं. त्यातून काय घ्यायचं ते घे.

ठेहरावाबद्दल लिहिलंस ते वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग मला हसू आलं आणि एका गिऱ्हाइकाच्या कॉलरवर इस्त्री जरा जास्त वेळ राहिली. का हसले ते विचारू नकोस. तू मोठा आहेस.

छताबद्दल आभार.

बारकी


३० नोव्हेंबर

प्रिय दादाआजोबा,

मी भिंगरी. मी तुमच्यावर रागावलेली नाही. आईने सांगितलं म्हणून हे लिहिलेलं नाही, तिला माहीतच नाही. पत्ता मी आजीच्या पाकिटावरून घेतला.

मला तुमची चाल दिली नाहीत तरी चालेल. बाईंची चाल मला जवळजवळ येते. मी ती आईच्या गाडीत म्हणते, कारण गाडी उभी असली की काचा लावून कितीही ओरडता येतं. फक्त एकदा चालत्या गाडीत म्हटली, तेव्हा शिकायला आलेल्या काकांना वाटलं की मला काहीतरी झालंय, आणि त्यांनी घाबरून पहिल्यांदाच नीट ब्रेक दाबला.

मला फक्त एक विचारायचं आहे. आजी इस्त्री करताना एक चाल गुणगुणते. शब्द माझ्याच भागातले आहेत पण चाल बाईंची नाही. 'इशा एल अहोता' पर्यंत ती अगदी हळू म्हणते. मग थांबते. इस्त्रीपण थांबते. मग एकदम मोठ्याने, कोणाला तरी सांगितल्यासारखं, 'बक्रासीम!' म्हणते आणि परत हळू.

मी तिला विचारलं की तेवढाच शब्द मोठ्याने का? ती म्हणाली, "कुठला शब्द? मी कुठे काय म्हणाले? जा, हँगर आण."

तुमच्या चालीत तो शब्द मोठ्याने आहे का? फक्त हो किंवा नाही सांगितलंत तरी चालेल.

तुमची,
भिंगरी

ता. क. छताला कोणता रंग आहे? निळा नसला तरी चालेल. पण निळा असला तर बरं.


१० डिसेंबर

बारके,

तुला ती चाल येते?

मी भिंगरीचं पत्र भिंगाखाली धरून वाचलं. साठ-पासष्ट वर्षं तू माझ्यासमोर गप्प बसलीस. बाबांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी मी ती म्हटली, तू समोर होतीस, डोळे पुसत होतीस. मला वाटलं, माझ्या आवाजाने गहिवरलीस.

येते तर माझ्याकडे मागितलीस कशाला? आणि येते तर आली कशी? बाबांनी तुला शिकवली? कधी? मी कुठे होतो?

आणि 'बक्रासीम' मोठ्याने? तो शब्द मोठ्याने नाही. कधीच नव्हता. ठेहरावानंतर तो हलकेच यायचा, चोरपावलांनी. कुठल्या मूर्खाने तुला तो ओरडायला शिकवला?

उत्तर लगेच पाठव. छत मी अर्धं बेतलंय. कापड निळं आहे. भिंगरीला आत्ताच सांगू नकोस, डोक्यावर बसेल.

दादा


२१ डिसेंबर

प्रिय दादा,

ज्या मूर्खाने शिकवला ती आपली आई.

आता शांतपणे बस, चहा घे, आणि सगळं वाच. मध्येच उठलास तर तुझ्या मुलासारखं होईल.

आपल्या जुन्या घरात बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये लाकडी फळीची भिंत होती, आठवते? तू दिवसभर दुकानात असायचास. मी घरात. त्या भागाचा आठवडा जवळ आला की संध्याकाळी बाबा बाहेरच्या खोलीत बसून सराव करायचे. आई फळीच्या आत भाजी चिरत असायची, मी तिच्या पायाशी. बाबा येत येत 'इशा एल अहोता'वर यायचे. आणि अडायचे.

दादा, तो ठेहराव नव्हता. बाबा विसरायचे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हूक लावणारा माणूस, आणि अडायचा हुकावर. मग आई आतून, विळीवरून मान वर न करता, मोठ्याने म्हणायची, "बक्रासीम!" बाबा म्हणायचे, "हां, हां, बक्रासीम," आणि गाडी पुढे. दरवर्षी. रोज. आईला हिब्रूचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. ऐकून ऐकून तिला सगळा भाग पाठ झाला होता, आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून मला.

तुला बाबांनी दुकानात शिकवलं. तिथे मशीन होतं, तू होतास, आई नव्हती. त्या जागी आले की बाबा सवयीने थांबायचे, आतून आवाज यायची वाट बघायचे, मग लक्षात यायचं आपण दुकानात आहोत, आणि तोंडातल्या तोंडात शब्द काढून पुढे जायचे. ते तू जसंच्या तसं उचललंस. शहाण्या विद्यार्थ्याने मास्तरांचा खोकलाही उतरवून घ्यावा तसं.

खोकल्यावरून आठवलं. प्रार्थनाघरात बायका वर माडीवर बसायच्या. तिथून शब्द खाली टाकता येत नाही. मग बाबा अडले की आई खोकायची. सगळं प्रार्थनाघर श्वास धरून बसायचं म्हणतोस ते आईच्या खोकल्याची वाट बघत. एक शेजारीण दरवर्षी त्याच आठवड्यात आईला औषधाची बाटली पाठवायची. आई ती घ्यायची. नाही कसं म्हणणार?

मी एकदा आईला विचारलं, "बाबांना एवढा सोपा शब्द कसा येत नाही गं?" ती म्हणाली, "येत असेल की. पण मी सांगितला की त्यांना बरं वाटतं."

बाबांच्या वर्षश्राद्धाला मी रडत होते ते तू तिथे थांबलास म्हणून. तू थांबलास आणि आतून कोणी बोललं नाही.

आता, मागितली कशाला? कारण माझ्याकडे अर्धीच आहे. फळीतून बाबांचे वरचे सूर यायचे, खालचे तिकडेच राहायचे. खालची चाल तुझ्याकडे आहे. आणि दुसरं असं, की मी नुसती माझी दिली असती तर भिंगरीला स्वयंपाकघराच्या बाजूची चाल मिळाली असती. मला तिला पूर्ण द्यायची होती.

तू इतकी वर्षं तो थांबा देवाचा समजून जपलास. तो मोडावा असं मला कधीच वाटलं नाही, म्हणून गप्प होते. आताही बोलले नसते. भिंगरीने हँगर आणायच्या ऐवजी पत्र टाकलं.

तुझीच,
बारकी


२७ जानेवारी

प्रिय दादा,

महिना उलटून गेला, तुझी ओळ नाही. फोन केला तर तुझ्या शेजारच्या फोनवाल्याने उचलला. म्हणाला, "काका बरे आहेत, मशीनवर आहेत, आणि मला बोलू नको म्हणालेत." एवढं तर तो बोललाच.

काल पार्सल आलं. दोन गठ्ठे. अंगणभर पसरून बघितले. निळा रंग बघून भिंगरी त्यावर आडवी झाली आणि उठेना. शिवण अशी सरळ आहे की लेकीने टेप काढून बघितली आणि परत खिशात ठेवली.

पण दादा, छत दोन तुकड्यांत आहे. एका तुकड्याच्या कडेला पितळी कड्या, दुसऱ्याच्या कडेलाही कड्या, समोरासमोर, आणि जोडायला काहीच नाही. गठ्ठा झटकला, गोणपाट उलटं केलं, पोस्टमनलाही परत बोलावलं. एकही हूक नाही. विसरलास. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, या वयात होतं. मीही परवा एका साहेबांची पँट दुसऱ्या साहेबांना दिली, आणि दोघंही काही बोलले नाहीत. हूक इथल्या बाजारातून आणते.

छताच्या कोपऱ्यात गाठ मारलेली होती, त्यात मेमरी कार्ड निघालं. आम्ही सगळ्यांनी बसून ऐकलं. तुझा आवाज. सुरुवातीला फोनवाला "काका, बोला, चालू आहे" म्हणतो आणि तू "काय?" म्हणतोस. मग चाल. दादा, खालचे सूर मी जन्मात पहिल्यांदा सलग ऐकले. काय सांगू.

पण 'इशा एल अहोता'ला तू थांबलास तो इतका थांबलास, की बाईंना वाटलं कार्ड बिघडलं. आणि मग तू सरळ 'वेहाया' म्हणून पुढे गेलास. 'बक्रासीम' म्हटलाच नाहीस. बाई म्हणाल्या, "आवाज फार सुंदर आहे, पण तोरातला एकही शब्द गाळून चालत नाही. गाळला तर मागे येऊन म्हणावाच लागतो." मी म्हटलं, दादाला सांगते.

रागाने गाळलास का? तसं असेल तर तसं लिही. मी एका पत्रात तुझा साठ-पासष्ट वर्षांचा ठेहराव काढून घेतला, हे मला पाकीट पेटीत टाकल्यावर कळलं. पेटीत हात घालून बघितला, पोचला नाही.

समारंभ एकवीस तारखेला, शनिवारी. तू येणार नाहीस हे माहीत आहे. भिंगरीने तरी तुझी खुर्ची धरली आहे. पहिल्या रांगेत, कारण तुला ऐकू येत नाही.

बारकी


३ फेब्रुवारी

बारके,

बाजारातून हूक आणू नकोस. बाजारचे हूक वाऱ्यात सरळ होतात आणि मग छत पाहुण्यांच्या अंगावर येतं.

मी विसरलो नाही. पन्नास केलेत, पितळेचे; सोनं परवडत नाही असं देवाला कळव. हूक पोस्टाने पाठवत नाहीत. गठ्ठ्यातून गळतात, हरवतात. ज्याने केले त्याने घेऊन जायचे असतात. बाबांचा नियम होता. तुला माहीत नसेल, तू स्वयंपाकघरात होतीस.

वीस तारखेला, शुक्रवारी सकाळच्या गाडीने पोचतो. घ्यायला कोणाला पाठवू नकोस, विशेषतः तुझ्या लेकीच्या शिकाऊ लोकांपैकी कोणाला. दुपारी छत लावू, संध्याकाळी शब्बाथ लागून काम बंद व्हायच्या आत. कानातलं यंत्र घेतलंय. ते शिट्टी मारतं. सहन करा.

शब्द रागाने गाळला नाही. महिनाभर मशीनवर बसून विचार केला, म्हणून उत्तराला उशीर. तू सांगितलंस त्यावरून असं दिसतं, की बाबांनी तो शब्द आईच्या आधी कधीच म्हटला नाही. नेहमी मागून म्हटला. मी साठ-पासष्ट वर्षं तो आधी म्हणत आलो, म्हणजे चूक माझ्या बाजूला होती. ती कार्डावर पुन्हा कशाला करू? जागा मोकळी सोडली आहे. बाईंना सांग, काही गाळलेलं नाही. भिंगरीने थांबायचं, आणि मागून म्हणायचं.

आधी कोण म्हणणार ते तुझं तू बघ.

दादा


१ मार्च

प्रिय बारके,

सुखरूप पोचलो. गाडीत शेजारी बसलेल्या माणसाने वाटभर काहीतरी सांगितलं. मी मान हलवत होतो. उतरताना त्याने माझ्या पायाला हात लावला, त्यावरून त्याचं काहीतरी भलं झालं असावं.

भिंगरीने चांगलं वाचलं. पोरगी सरळ उभी राहिली, माझ्या शिवणीसारखी. ठेहराव बाबांपेक्षा किंचित लांब झाला, पण पहिल्या खेपेला चालायचंच.

आता मला एक सांग. कानातलं यंत्र पडद्यांच्या ओळीच्या जरा आधी बंद पडलं. बॅटरी. फोनवाला म्हणतो, मी ती उलटी घातली होती, पण तो काहीही म्हणतो. त्यानंतर मी बोट पुस्तकावर ठेवून भिंगरीच्या ओठांवरून वाचत होतो. 'अहोता'ला ओठ मिटले. मी मागे वळून बघितलं. तू अगदी शेवटी, स्वयंपाकाच्या खोलीच्या दाराशी खुर्ची घेऊन बसली होतीस. तुझं तोंड उघडं होतं. मग बराच वेळ काही झालं नाही. मग सगळे हसले, मग तू काहीतरी म्हणालीस, मग भिंगरी म्हणाली, मग बाईंनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या दुकानात चष्मे स्वच्छ असायला हवेत.

नंतर त्या माझा हात धरून काहीतरी विचारत होत्या. मी "पितळी" असं उत्तर दिलं, कारण सगळे हुकांबद्दलच विचारत होते. त्या आणखीच हसल्या.

लोक हसले कशाला? मी काही केलं नाही. माझ्या कोटाच्या खिशात एक हूक राहिला होता, वळताना तो बरगडीला टोचला, म्हणून काढून हातात धरला. आदल्या दिवशी मोजणीत चुकलो असेन.

तू काय म्हणालीस आणि कशी म्हणालीस, ते सविस्तर लिही. मला ते ऐकायचं होतं. त्यासाठीच आलो होतो.

तुझा,
दादा


९ मार्च

प्रिय दादा,

तू मोजणीत चुकलास हे मी मान्य करते. आयुष्यात पहिल्यांदा, पन्नासात एकाने, आणि नेमका तोच कोटाच्या खिशात. चालायचंच.

काय झालं ते सांगते.

मी मुद्दाम दाराशी बसले होते. पुढे सगळे, मागे भांडी. मधे ते लाकडी दार. म्हटलं, हीच आपली जागा. लेक तीनदा येऊन म्हणाली, "आई, पुढे चल, लोक काय म्हणतील." मी म्हटलं, "लोक म्हणतील जेवण वेळेवर मिळालं."

भिंगरीने चाल धरली आणि दादा, खालचे सूर तुझे, वरचे माझे, आणि मधे तिचा स्वतःचा एक, जो कुठून आला कोणास ठाऊक. बहुतेक गाडीतून. ती 'इशा एल अहोता'ला आली. थांबली. प्रार्थनाघर असं गप्प झालं, की भांड्याखालच्या गॅसचा आवाज यायला लागला. बाईंच्या शेजारी जे गृहस्थ चूक दुरुस्त करायला उभे असतात, त्यांनी शब्द सांगायला तोंड उघडलं. भिंगरीने त्यांच्याकडे न बघताच हात वर केला. जरा थांबा म्हणून. बारा वर्षांची पोर. आणि तिने वळून थेट माझ्याकडे बघितलं. मग तू वळून बघितलंस. मग तुम्ही दोघं बघताय म्हणून सगळ्यांनी.

आणि दादा, मी विसरले.

जो शब्द मी आईच्या मांडीवर शिकले, जो हजार शर्टांवर म्हटला, तो गेला. साफ. डोक्यात नुसती इस्त्री. मी तोंड उघडलं, आत काहीच नव्हतं. मला आईचा चेहरा आठवत होता, विळी आठवत होती, शेजारणीच्या औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी आठवत होती. शब्द नाही. मला वाटलं, संपलं. या घराण्याचा मंडप माझ्यामुळे दोन तुकड्यांत राहणार.

तेवढ्यात तू खिशात हात घातलास आणि तो पितळी हूक वर धरलास. खिडकीतून ऊन आलं होतं, त्यात चमकला.

म्हणून लोक हसले.

मी म्हणाले, "बक्रासीम!" मोठ्याने म्हणाले. इतक्या मोठ्याने, की आत एकीच्या हातातून झाकण पडलं. भिंगरी म्हणाली, "हां, बक्रासीम." ती 'हां' तोरात नाही. बाई म्हणाल्या, ती आपण ऐकलीच नाही असं धरू. आणि मग 'वेहाया हामिश्कान एहाद', आणि ते तिने असं म्हटलं, की मला पुढचं दिसलं नाही.

बाई तुझा हात धरून विचारत होत्या, "तुमच्या घरात हे नेहमी असंच वाचतात का?" तू "पितळी" म्हणालास. त्या आता सगळ्यांना ते उत्तर सांगत फिरतात. त्यांना वाटतं त्यात फार खोल अर्थ आहे. एक जाणते म्हातारेही मान हलवून गेले. मी जेवण वाढायला उठले.

तेव्हा तू ऐकलं नाहीस याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तू सांगितलंस. ऐकणारी मी होते.

आता छत. ते इथेच ठेवायचं ठरलंय. पुढच्या वर्षीही तंबूचा भाग भिंगरीच वाचणार असं तिने जाहीर केलं, कोणी विचारलं नव्हतं. फक्त त्या दिवशी मधल्या जोडात एका हुकाची जागा रिकामी होती. तिथून एवढीशी उन्हाची तिरीप येत होती, आणि जेवताना बरोबर माझ्या ताटात पडत होती. लेक म्हणाली, उद्याच बाजारातून एक आणून लावते. मी तिला हात लावू दिला नाही.

हूक पोस्टाने पाठवू नकोस. हरवतात.

तुझी,
बारकी